बत्तीस नंबरची वाघीण

पिठाची कोठी हे रेल्वे स्टेशन शनिवारी दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी, सहा विरुद्ध एक अशा मतांनी कायमचं बंद करण्यात आलं.

तसं काहीही झालेलं नाही.

निदान कवळीताईंचं म्हणणं तसं आहे, आणि गोष्ट त्यांचीच असल्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

तर शुक्रवारी सकाळी वहिनी हातात इस्त्रीचे कपडे घेऊन कवळीताईंच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"वन्सं, तुमचा तो गुलाबी डबा तर इथेच आहे की. मोज्यांच्या शेजारी."

"नाही, वहिनी."

"अहो, मी आत्ता हाताने बाजूला केला."

"तुम्ही जे बाजूला केलंत ते केलंत. वाघीण पिठाच्या कोठीला आहे. तेरा दिवस झाले."

वहिनींनी कपडे ठेवले, ड्रॉवर लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला कोणालातरी दाखवा." कवळीताईंचा दादा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "अकरा वर्षं दाखवतेच आहे ती. दर शनिवारी, चार वाजता. कॅमेऱ्यावर."

यात दादाचा विनोद कमी आणि माहिती जास्त होती. वेगवेगळ्या गावांतल्या आठ जणांनी आपापल्या घरात टेबलावर, माळ्यावर, जिथे बायकामुलांनी परवानगी दिली तिथे छोटी रेल्वे मांडली होती, आणि आठही मिळून एकच लाइन आहे असं ठरवलं होतं. गाडी टेबलाच्या कडेला आली की मालक तिची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, उचलून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. त्याच क्षणी पुढच्या गावातला माणूस तिची जुळी वाघीण, तोच रंग, तोच नंबर, खोक्यातून काढून आपल्या रुळांवर ठेवायचा. झाला प्रवास. नियम सात असा होता, की एक वाघीण एका वेळी एकाच ठिकाणी असते, आणि पोचलेल्या ठिकाणचा स्टेशनमास्तर स्वतःच्या तोंडाने "माल उतरला, वाघीण सोडली" म्हणेपर्यंत ती तिथेच असते. ड्रॉवरमध्ये काय दिसतं याला रेल्वेच्या दृष्टीने अर्थ नव्हता.

कवळीताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायच्या, सव्वीस वर्षं. त्यांच्या वाघिणी बरोबर बत्तीस होत्या आणि सगळ्या हिरडीच्या रंगाच्या. कवळीच्या उरलेल्या मसाल्यातूनच त्यांनी तो रंग घोटून बनवला होता. पहिली वाघीण कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा लाइनचे कंट्रोलर, जे एरवी विमा कंपनीत दावे नाकारायचं काम करत, म्हणाले होते, "हा रेल्वेचा रंग नाही."

"निरोगी हिरडीचा आहे," कवळीताई म्हणाल्या.

मग पिठाच्या कोठीवरून आवाज आला, "येऊ द्या, बाई. माझ्या स्टेशनात निरोगी असं काही पहिल्यांदाच येतंय."

ते भट्टीवाले. त्यांची बेकरी होती, आणि कोठीतल्या पोत्यांच्या वर, भिंतीला ठोकलेल्या फळ्यांवरून त्यांची रेल्वे जायची. कवळीताई पीठ म्हणून दातांचं प्लास्टर भरून पाठवायच्या. त्या प्लास्टरचा नमुना आधीच पोस्टाने गेलेला असायचा, तो भट्टीवाले जुळ्या वाघिणीत भरून ठेवायचे आणि पोचल्यावर चमच्याने उतरवायचे.

"बाई, तुमचं पीठ फुगत नाही हो."

"फुगत नाही, पण बसतं घट्ट. तुमच्या पावासारखं फुगून खचत नाही."

अकरा वर्षांत दोघं कधी भेटले नाहीत. मात्र भट्टीवाल्यांची वरची कवळी कवळीताईंनीच केली होती. त्यांच्या गावच्या दंतवैद्याने साचा पाठवला होता. चेहरा त्यांनी पडद्यावर पाहिला होता, जबडा हातात धरला होता. नात्याला याहून अधिक काय लागतं ते कवळीताईंना कळलं नाही, आणि त्यांनी कोणाला विचारलंही नाही.

मतदानाच्या चौदा दिवस आधीच्या शनिवारी बत्तीस नंबरची वाघीण तिकडे गेली. भट्टीवाले म्हणाले, "पोचली. आता भट्टी पेटवायची वेळ झाली, माल सवडीने उतरवतो." त्यानंतरच्या बुधवारी त्यांच्या सुनेचा गटावर दोन ओळींचा मेसेज आला.

वहिनी कपडे ठेवून गेल्या त्याच शुक्रवारी लॅबमध्ये डॉक्टरांनी फडताळाकडे बोट दाखवलं. तिथे लोकांनी न नेलेल्या सतरा कवळ्या आणि काही जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले होते. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघून फडताळ हसत असे.

"ताई, हे कधी टाकायचं? यातले अर्धे लोक गेलेत."

"त्यांनी सांगितलंय का, नको म्हणून?"

"कसे सांगतील?"

"मग," कवळीताई म्हणाल्या, आणि भट्टीवाल्यांचा साचा पुसून परत जागेवर ठेवला.

शनिवारी चार वाजता पडद्यावर सात चेहरे जमले. आठव्या चौकोनात भट्टीवाल्यांची सून, कोठीत, हातात फोन धरून उभी होती. भुवयांवर पीठ होतं.

कंट्रोलरांनी घसा साफ केला. "ठराव असा. पिठाची कोठी स्टेशन वेळापत्रकातून कमी करावं. तिथल्या वाघिणी आपापल्या घरी परत आल्या, असं मानावं."

"मानावं म्हणजे?" कवळीताई म्हणाल्या.

"म्हणजे आल्या."

"कशा आल्या? चालत?"

लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळे त्याला वरखाली म्हणत, फिस्सकन हसला आणि घाईने आपला आवाज बंद केला.

"बाई, तुमची वाघीण तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"माझ्या ड्रॉवरमध्ये तिची जागा आहे. वाघीण फलाटावर आहे. नियम सात. तुम्हीच लिहिलाय, तुमचीच सही आहे."

"तो मी माणसं जिवंत धरून लिहिला होता!"

"मग तसं लिहायचं."

कंट्रोलरांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात एवढे दावे नाकारले, पण समोरच्याकडे कागद असण्याची सवय त्यांना नव्हती.

"सूनबाई," कवळीताई म्हणाल्या, "जरा वरच्या फळीवर फोन धराल? गुलाबी वाघीण दिसते का?"

पडदा हलला, छत दिसलं, जाळं दिसलं. मग फलाट. वाघिणीचं दार उघडं होतं.

"आहे. अर्धी भरलेली आहे," सून म्हणाली. "आत चमचा आहे. हा चमचा आम्ही किती दिवस शोधतोय! उतरवून टाकू का उरलेलं?"

"हात लावू नका!" कवळीताई एवढ्या जोरात ओरडल्या की दादा पेपर घेऊनच दारात आला. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "माल उतरवणं चालू आहे. काम चालू असलेलं स्टेशन बंद करता येत नाही. जगात कुठेच येत नाही."

"बाई," कंट्रोलर हळू म्हणाले, "भट्टीवाले गेले."

"ते मला माहीत आहे," कवळीताई म्हणाल्या. "मी स्टेशनबद्दल बोलतेय."

आठ घरांतले आठ पंखे ऐकू आले.

मतदान झालं. सहा हात वर गेले. वरखालीचा हात सगळ्यांत शेवटी आणि कोपरापर्यंतच वर गेला. कवळीताईंनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. चार वाजून बावीस मिनिटं.

"नोंदीसाठी," कंट्रोलर म्हणाले, "बाईंनी ड्रॉवर उघडून वाघीण कॅमेऱ्यासमोर रुळांवर ठेवावी."

कवळीताई हलल्या नाहीत. तेवढ्यात वहिनी आत आल्या, ड्रॉवरला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि पदराने हात पुसत पडद्याकडे बघून म्हणाल्या, "या ड्रॉवरमध्ये आमच्या वन्संचे मोजे आहेत. सहा परपुरुषांनी ते बघायचं काही कारण नाही."

"अहो, मोजे नाही, वाघीण..."

"वाघीण तिकडे आहे म्हणाल्या ना त्या? ऐकू येत नाही का? चौदा दिवस झाले."

कवळीताईंनी मान वळवून वहिनींकडे बघितलं. वहिनींनी बघितलं नाही. त्यांना अचानक खिडकीच्या पडद्याची घडी नीट करायची होती.

"माझं मत धरलं का?" भट्टीवाल्यांच्या सुनेने विचारलं.

"तुम्ही सभासद नाही," कंट्रोलर म्हणाले.

"मग ठरावही मला लागू नाही. सोमवारी बाकीच्या फळ्या निघतायत, नवी पोती येणार आहेत. पण सगळ्यांत वरची राहू दे. पोती तिथपर्यंत पोचत नाहीत." ती थांबली. "चमचा दुसरा आणू आम्ही."

कंट्रोलरांनी सभा संपली असं जाहीर केलं आणि वेळापत्रकातली एक ओळ सगळ्यांच्या देखत पुसली. चार वाजून एकतीस मिनिटांनी कवळीताईंनी ती आपल्या प्रतीत पुन्हा लिहिली. पेनाने.

मग एकतीस वाघिणी यार्डात ओळीने लावल्या. शेवटी एका वाघिणीएवढी जागा मोकळी सोडली. त्या ठिकाणचे रूळ कापसाने पुसून घेतले. वहिनी चहा ठेवून गेल्या. ड्रॉवरमधले मोजे त्यांनी एका बाजूला सारले होते, दुसरी बाजू रिकामी असल्यासारखी.

कवळीताईंनी कोरा कागद घेतला. हे पत्र सोमवारी पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने गेलं.

प्रति,
माननीय स्टेशनमास्तर, पिठाची कोठी.

विषय: वाघीण क्रमांक ३२ सोडणेबाबत.

महोदय,

उपरोक्त वाघीण आपल्या फलाटावर अर्धी उतरवलेल्या स्थितीत उभी आहे. चमचा जागेवर असल्याची खात्री करून घेतली आहे. उरलेला माल नियमानुसार आपणच उतरवावयाचा असून अन्य कोणाचीही सही या कार्यालयास मान्य होणार नाही. आम्हांस घाई नाही. तरी आपल्या सवडीने माल उतरवून घ्यावा, वाघीण सोडावी, आणि तसे कोणत्याही शनिवारी चार वाजता स्वतःच्या तोंडाने कळवावे, ही विनंती.