डेस ट्रेलोरची लाट

एकेचाळिसाव्या वर्षी डेस ट्रेलोरला एक लाट सापडली. ब्रिस्बेनमध्ये राहून कधी समुद्रावर न फिरकणाऱ्या या गृहस्थाला ती सापडली कम्प्युटरवर, यातच सगळं आलं. पेशीभोवती असतो तसा मेदाच्या रेणूंचा पापुद्रा तो आकडेमोडीतून हलवून बघे. अकरा आठवड्यांनी त्यावर एक डौलदार लाट उठली. मनातल्या मनात त्याने तिला आपलं आडनावही देऊन टाकलं. जूनमध्ये करार संपत होता, आणि या लाटेवरचा लेख छापून आला तरच तो वाढणार होता.

"पापुद्र्याचा बॉक्स दुप्पट करून बघितलास?" लोसालिनीने विचारलं. फिजीची ही पोरगी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला, तोंडाने फटकळ.

"कशाला? किती सुरेख आलीये!"

"म्हणूनच मी केला. लाटही दुप्पट लांब झाली. केवढाही बॉक्स घे, त्यात बरोबर एकच लाट बसते."

कम्प्युटरमध्ये पापुद्रा ठेवतात तो बॉक्स छोटा, म्हणून त्याची उजवी कड डावीला जोडलेली असते. उजवीकडून गेलेला रेणू डावीकडून आत येतो. म्हणजे कडेपलीकडे पापुद्र्याला जो शेजारी दिसतो, तोही तो स्वतःच. पापुद्रा स्वतःलाच ढकलत होता. बॉक्स लहान ठेवू नका, हे डेस दरवर्षी नव्या पोरांना बजावून सांगे. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"कुणाला बोललीस?"

"लाट तुझी. तूच बोल."

साडेदहाच्या चहाला त्याच्याच कौतुकासाठी लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक, मांडले होते. डेसने तीन सबबी घोकल्या आणि तिन्ही ऐनवेळी विसरला.

"लाट खोटी आहे," तो म्हणाला. "मी तपासलं नाही, कारण मला तपासायचंच नव्हतं."

कुणीतरी हातातला लॅमिंग्टन परत ताटलीत ठेवला.

विभागप्रमुख ग्वेनिथने त्याला बाजूला घेतलं. "ही लाट इथे तिसऱ्यांदा उठलीये. आधीच्या दोघांनी छापली."

"कोणी?"

"एक रिटायर झाला. दुसरी मी. त्यावरच प्रोफेसर झाले."

"मग माझ्या कराराचं?"

"लेखच हवा ना? मग लाट खोटी का, ते लिही. चुकलेल्यांत पहिला माझा लेख घे," ती म्हणाली. "आणि लेखावर लोसालिनीचं नाव तुझ्या आधी."

डेसला भरून आलं होतं. तरी ते शेवटचं वाक्य त्याला लागलंच.