मधेच बोलण्याची मुभा

कुणी सांगितलं होतं हो त्या कंपनीला सुधारणा करायला? चांगलं चाललं होतं ना! आईच्या टॅबलेटवरचं बोलण्याचं ॲप एका सकाळी आपलं आपणच अपडेट झालं आणि आईचा आवाज गेला. दुसऱ्यांदा गेला. पहिल्यांदा नेला तो डॉक्टरांनी, घशातल्या गाठीपायी, पण त्यांनी निदान आधी विचारलं तरी होतं.

ऑपरेशनच्या आधी आईने खोलीचं दार बंद करून आपल्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड केली होती. ‘चहा कर’, ‘दार लाव’, ‘जेवलीस का’, ‘औषध घे’, ‘गप्प बस’ आणि तिच्या धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे माझ्या मावशीसाठी, खास ‘चिमे, ऐक’. प्रत्येक वाक्याचं स्क्रीनवर एक बटण. ते दाबलं की आई बोलायची. कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होती ती. शिवणयंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलण्यात उभी हयात गेलेली. समोरच्याचं अर्धं बोलून झालं की हिचं उत्तर तयार. घशातून आवाज गेला तरी ती खोड काही गेली नाही. एक बटण दाबायची, ते बोलतंय तोवर दुसरं दाबायची, मग पुन्हा पहिलं. “चहा क... दार ला... चहा कर.” ऐकणाऱ्याने वेडं व्हावं!

अपडेटनंतर त्याच बटणांतून एक भलतीच बाई बोलायला लागली. लिफ्टमध्ये मजला सांगते ना, तसली. गुळगुळीत, सावकाश, जिला आयुष्यात कुणाचा राग म्हणून आलेला नाही अशी. आईने तिचं ‘चहा कर’ ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि टॅबलेट पालथा घालून उशीखाली सरकवला. मग पाटी-पेन्सिल काढली. त्यावर लिहिलं, “ही कोण भवानी?”

माझ्यापुरतं पाटीवर भागलं असतं. पण मावशीचं काय? मावशी लांब राहते, तिच्या मुलाकडे, आणि तिची नजर पार गेलेली आहे. तिला पाटी काय दाखवणार! दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बसायच्या. मावशी तोंडाने बोलायची, आई बटणांनी. त्या दिवशीही आईने नाइलाजाने टॅबलेट उशीखालून काढला, फोन लावला आणि लिफ्टवाली बाई म्हणाली, “चिमे, ऐक.”

“कोण बोलतंय?” मावशी म्हणाली. पुन्हा तीच बाई, “चिमे, ऐक.” मावशीने फोन ठेवून दिला. त्यानंतर तिने आमचा फोन घेतलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावसभावाचा फोन आला. आवाज अगदी रडकुंडीला आलेला. “अगं, आईने डोक्यात घेतलंय की तिची अक्का, म्हणजे तुझी आई, गेली. आपण तिच्यापासून लपवतोय आणि मशीन लावून तिला फसवतोय म्हणते. जेवणाला, औषधाला तोंड लावत नाहीये. पाणीसुद्धा मिनतवाऱ्या करून पाजावं लागतंय. मी शपथा घेतल्या, तर म्हणाली, तुझ्या शपथा मला माहिती आहेत.”

तिचंही काय चुकलं म्हणा! मावशीचे यजमान गेले तेव्हा ती डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. धक्का नको म्हणून सगळ्यांनी तिला सांगितलं, ते बाहेरगावी गेलेत. ती रोज विचारायची, सगळे रोज थाप मारायचे. डोळ्यांची पट्टी निघाली तेव्हा कुठे तिला खरं कळलं. आता तिने कुणाच्या शब्दावर आणि कशाला विश्वास ठेवायचा?

“काहीतरी कर बाई,” मावसभाऊ म्हणाला. “आजच कर. डॉक्टर म्हणतायत, औषध असंच चुकवलं तर ॲडमिट करावं लागेल. आणि ती दवाखान्यात यायलाही तयार नाही.”

कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, “मॅडम, हे फीचर पुढच्या आवृत्तीत येईल.” फीचर! माझ्या आईचा आवाज म्हणजे ह्यांचं फीचर! तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन आपटला आणि टॅबलेट कॉम्प्युटरला जोडला.

मी छापखान्यात पानं लावायचं काम करते. एकेका पुस्तकात शेकडो ठिकाणी एकच दुरुस्ती हाताने कोण करणार, म्हणून पायथन ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या याद्या, लिहायला शिकले आहे. पोटापुरतं येतं, मिरवण्याइतकं नाही. टॅबलेटच्या पोटात शिरले तर काय, आईची सगळी रेकॉर्डिंग जागच्या जागी होती! कुणी पुसली नव्हती. बिघडली होती ती फक्त एक एक्सएमएल फाइल. त्या फाइलमध्ये प्रत्येक बटणाचा एक एलिमेंट आणि त्याला चिकटवलेली त्याची माहिती, म्हणजे ॲट्रिब्यूट. नाव काय, रंग कोणता, जागा कुठली आणि ‘साउंड’ कोणता. पूर्वी त्या साउंडपुढे आईच्या रेकॉर्डिंगचं नाव असणार. कंपनीने सरसकट ‘ऑटो’ लिहून ठेवलं होतं. एवढंच! एवढ्यासाठी तिकडे मावशी उपाशी बसली होती.

स्क्रिप्ट लिहिली. फाइल उघड, एकेक बटण घे, त्याचं नाव वाच, त्या नावाचं रेकॉर्डिंग शोध आणि साउंडच्या ॲट्रिब्यूटमध्ये घाल. चालवली. स्क्रीनवर सगळं छापून बघितलं, अगदी मनासारखं. फाइल टॅबलेटवर टाकली आणि ऐटीत ‘चहा कर’ दाबलं.

लिफ्टवाली बाई म्हणाली, “चहा कर.”

टॅबलेट बंद करून चालू केला. लिफ्टवाली बाई. ॲप बंद करून पुन्हा उघडलं. लिफ्टवाली बाई. पुन्हा स्क्रिप्ट चालवली, स्क्रीनवर पुन्हा सगळं बरोबर, टॅबलेटवर पुन्हा ही सटवी. आई पलंगावर बसून बघत होती. तिने पाटीवर लिहिलं, “येत नसेल तर सांग.”

“येतंय!” मी ओरडले. “तू मधे बोलू नकोस!”

पाटीवर लिहिणाऱ्या बाईला मी मधे बोलू नकोस म्हणाले. डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय!

फाइल पुन्हा उघडून बघते तर आत सगळं जसंच्या तसं, ‘ऑटो’, ‘ऑटो’, ‘ऑटो’. कपाळ माझं! कॉम्प्युटरच्या आठवणीत सगळं बदललं होतं, पण बदललेलं परत फाइलमध्ये लिहून ठेव, ही एक ओळ मी स्क्रिप्टमध्ये घातलीच नव्हती. भाजी निवडली, चिरली, कढईत टाकली आणि गॅस पेटवलाच नाही, तशातली गत.

ती ओळ घातली. घालता घालता आणखी एक ॲट्रिब्यूट नजरेला पडलं, ‘इंटरप्ट’. म्हणजे एक वाक्य चालू असताना दुसऱ्या बटणाने ते मधेच तोडायचं की नाही. प्रत्येक बटणापुढे ‘यस’ होतं. अच्छा, म्हणजे ते ‘चहा क, दार ला’ सगळं ह्याच्यामुळे! म्हटलं, फाइल लिहायचीच आहे तर हेही निस्तरून टाकू. आई एकदाची पूर्ण वाक्यात बोलेल. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आणि सगळीकडे ‘नो’ करून टाकलं. माझ्या सुगरणपणावर मी भलतीच खूश होते.

टॅबलेटवर ‘गप्प बस’ दाबलं आणि खोलीत आई बोलली. खणखणीत, थोडी चिडकी, आमची आई. तिने टॅबलेट माझ्या हातून जवळजवळ हिसकावलाच. मी मावसभावाला फोन लावला. म्हटलं, “लाव तिच्या कानाला.”

“चिमे, ऐक,” आई म्हणाली.

पलीकडून मावशीचा बारीक आवाज आला. “अक्का?”

“जेवलीस का?”

“मला जेवण जात नाही गं. मला वाटलं तू...”

आईने भराभर दोन-तीन बटणं दाबली. पण त्यातलं पहिलं, “औषध घे”, संपेपर्यंत बाकीचं एकही लागलं नाही. तिने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं आणि पुन्हा दाबलं. “औषध घे.” मग थोडं थांबून, “चिमे, ऐक.” मग पुन्हा थांबून, “जेवलीस का?” सगळं स्पष्ट, पूर्ण, ओळीने.

मावशी रडायला लागली. “बंद करा ते. टेप आहे ती. अक्काने आजारपणात भरून ठेवलेली टेप लावताय मला.”

“मावशी, अगं आई इथे माझ्यासमोर बसली आहे!” मी म्हणाले. “हवं तर ती टिचकी वाजवून दाखवते.”

“टिचकी कुणीही वाजवेल. पोरी, माझे डोळे गेलेत, कान नाही गेले. माझ्या अक्काने जन्मात कधी कुणाला पूर्ण बोलू दिलंय? ती स्वतःचं तरी धड पूर्ण करते का? मी एवढी रडतेय आणि ही आपली ओळीने शहाण्यासारखी बोलतेय. ही माझी बहीण नाही. ह्यांच्या वेळी तुम्ही असंच केलंत. तूसुद्धा त्यांच्यातलीच निघालीस.” आणि फोन बंद झाला.

आईने पाटी ओढली. पेन्सिल मोडेपर्यंत दाबून लिहिलं, “काय केलंस तू?”

“सुधारलं!” मी किंचाळले. “तुझ्यासाठी सुधारलं! दिवसभर डोकं फोडतेय इथे, कुणाला कौतुक आहे का!”

तिने पाटी पुसली नाही. तिच्याच खाली, मोडक्या तुकड्याने लिहिलं, “होतं तसं कर.”

त्या कंपनीला सकाळपासून शिव्या घालत होते ना मी? कुणी सांगितलं होतं सुधारायला, म्हणून? तेच मी केलं होतं. कुणी न विचारता. मी स्क्रिप्ट उघडली. बदलायचा होता तो एकच शब्द. ‘नो’च्या जागी ‘यस’. चालवली, फाइल खरंच लिहिली गेली का ते उघडून बघितलं, पुन्हा बघितलं, टॅबलेटवर टाकली.

मावसभाऊ आधी तयारच होईना. “तिला आणखी किती छळायचं?” म्हणाला. मी म्हटलं, “एकदाच. फक्त फोन धर, तिने ढकलला तरी धर.”

“नको मला,” पलीकडून मावशीचा आवाज आला. “नाही ऐकायचं मला काही. तुम्ही सगळ्यांनी मिळून ह्यांच्या वेळीसुद्धा मला...”

“गप्प ब... गप्प... गप्प बस!” आई बोलली.

“अगं पण मी...”

“चिमे, ऐ... औषध घे... जेव... जेवलीस का? औष... औषध घे!”

“बोलू देशील का मला मेले!” मावशी ओरडली. आणि एकदम थांबली.

आईचं बोट बटणावर तसंच होतं.

“आहेस,” मावशी म्हणाली. “आहेस गं तू. आहेस.” आणि मग ती अशी काही रडायला लागली की मावसभावालाही आवरेना. आईचेही डोळे घळाघळा वाहत होते. पण ते रडणंसुद्धा तिने पूर्ण होऊ दिलं नाही. “गप्प ब... जेवलीस का?”

“जेवते,” मावशी हुंदके देत म्हणाली. “जेवते, बाई. गोळीही घेते. पण तू एवढे दिवस होतीस कुठे?”

मी तिथेच उभी राहून पदराला नाक पुसत होते. आईने वर बघितलं. तिला मी नकोशी झाले होते, दोघींना भांडायचं होतं. तिने बोट उचललं.

“दार ला...”

मी बाहेर आले आणि दार लावलं. पूर्ण ऐकायला थांबतंय कोण!