साठाव्या पानावरचं माझं मरण

डिचोलीत आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात एक नियम आहे. पुस्तक परत करताना त्याच्याविषयी दोन ओळी मत लिहायचं, त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. त्यासाठी टेबलाला सुतळीनं बांधलेली एक वही असते, तिला आम्ही शेरेवही म्हणतो. ही युक्ती ग्रंथपाल कृष्णनाथांची. लोक पुस्तकं नेत, उशाखाली ठेवत आणि न उघडता परत आणत, म्हणून त्यांनी ती काढली. राजभाषेच्या वादाच्या दिवसांत त्या वहीत पुस्तकं बाजूला राहिली आणि भाषेवरच पानंच्या पानं भरली. मराठीच्या बाजूचे लोक टेबलापाशी उभे राहून कोकणीतून भांडत, आणि कोकणीच्या बाजूचे मराठीतून शेरा लिहून जात. शेवटी कृष्णनाथांनी ती पानं काढून टाकली आणि पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं, 'फक्त वाचलेल्या पुस्तकाविषयी.' पुढे गोव्याचं राज्य झालं, भांडणारे आपापल्या घरी गेले, वही तेवढी राहिली.

बहुतेक लोक लिहितात, 'चांगले आहे.' काही जण 'बरे आहे' लिहितात, म्हणजे त्यांनी वाचलेलं नसतं. मी मात्र जे वाटतं ते लिहिते आणि खाली कमलाक्षी अशी सही करते. एका ऐतिहासिक कादंबरीवर मी लिहिलं होतं, 'चारशे पानं घोडे दौडतात, पण एकालाही कुणी पाणी पाजत नाही. असे घोडे कुठे मिळतात ते लेखकानं कळवावं.' एक लेखक हरमलला चार दिवस राहून गेला आणि गोव्याची माणसं फार निवांत असतात असं त्यानं पुस्तकात छापलं. त्याला मी लिहिलं की रापणीची माणसं पहाटे जाळं ओढतात, तेव्हा आपण झोपला होता. पाककृतींच्या एका जाडजूड पुस्तकात बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, तिरफळं नव्हती, टोमॅटो होता. ते पुस्तक भयकथांच्या कपाटात हलवावं अशी मी सूचना केली. रहस्यकथांचं म्हणाल तर खुनी शोधायला मला दहा पानं पुरतात. लेखक ज्याची विनाकारण स्तुती करतो तो खुनी. हा नियम संसारातही लागू पडतो.

लोक आधी माझा शेरा वाचतात आणि मग पुस्तक नेतात. मी खोटं कशाला बोलू, याचा मला गर्व होता. पण या गर्वाला एक काटा टोचलेला आहे. आमच्याच गावच्या यशवंत मास्तरांनी कवितांचं पुस्तक काढलं, तेव्हा मी शेऱ्यात लिहिलं, 'यात चंद्र एकतीस वेळा उगवला आहे. महिनाभर पुरेल.' वाचनालय पंधरा दिवस हसत होतं. मास्तरांनी त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही. बुधवारच्या बाजारात मी दिसले की ते नारळांच्या ढिगाकडे बघत उभे राहतात. मी चुकीचं लिहिलं नव्हतं, चंद्र मोजूनच लिहिलं होतं. तरी त्यांना असं उभं बघितलं की मला वाईट वाटतं.

आता आमच्या यजमानांविषयी. सगुण त्यांचं नाव, खाणीच्या ऑफिसात कारकून. गौरवीचं, म्हणजे आमच्या मुलीचं, लग्न झाल्यापासून घरात आम्ही दोघंच. लग्नाला तीस वर्षं झाली, पण या माणसानं कधी कशावर मत दिल्याचं मला आठवत नाही. हुमण कसं झालंय विचारलं तर म्हणतात, तू चाखून बघ. रोज जेवताना मी वाचलेल्या पुस्तकाची चिरफाड करते आणि ते माशाचे काटे काढत बसतात. मला वाटायचं, यांच्या कानावर काही जातच नाही.

गेल्या नाताळाच्या आधी कृष्णनाथांनी मला एक नवीन कादंबरी दिली. सावंतवाडीच्या एका छापखान्यातून वाचनालयाला टपालानं भेट आली होती. नाव सांगत नाही. त्यात सांज आणि सावली हे दोन्ही शब्द होते, एवढं पुरे. लेखकाचं टोपणनाव 'एकाकी'. मी घरी येऊन पेजेवर झाकण ठेवलं आणि वाचायला बसले. पहिल्या पानावर पाऊस, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर तो थांबला आणि लग्न निघालं. नवव्या पानावर नवरीचा मामा अंतरपाट धरून उभ्या उभ्या पेंगला, हातातली बाजू सुटली, आणि मंगलाष्टकं संपायच्या आत नवरा-नवरीनं एकमेकांना बघून घेतलं.

मी पुस्तक मिटलं. जगात असा मामा एकच, हळर्णचा विठू मामा, आणि ते लग्न माझं.

मग सगळं उलगडत गेलं. यजमान त्या वर्षी चष्म्यासाठी म्हणून सावंतवाडीला तीनदा गेले होते. चष्मा एक, खेपा तीन, आणि मी शहाणी विचारत होते की काच फुटली का. या बाप्यानं पुस्तकातल्या सगळ्यांची नावं बदलली, गाव बदललं, खाणीच्या जागी काजूची बाग केली, फक्त मामा तेवढा बदलायचा विसरला. चांगला लेखक शोधत मी कपाटंच्या कपाटं पालथी घातली आणि लेखक माझ्याच पाटावर बसून बांगडा खात होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्यात पुन्हा नाव काय घेतलं तर 'एकाकी'. तीस वर्षं मी घरात असताना हे एकाकी.

राग ओसरला आणि भीती वाटायला लागली. यांनी नाव का लपवलं ते मला कळत होतं. यांना माझ्याकडून बायकोचं मत नको होतं, शेरेवहीतलं मत हवं होतं. मी खोटी स्तुती लिहिली तर हा माणूस ओळखणार, कारण तीस वर्षं माझी मतं ऐकत आलाय. आणि खरं लिहिलं नि ते वाईट असलं, तर माझ्या घरात दुसरे यशवंत मास्तर तयार होणार. ते निदान बाजारात तोंड फिरवतात. हे रोज समोर जेवायला बसणार.

मला कळलंय, हे मी त्यांना कळू दिलं नाही. पण चोराच्या मनात चांदणं. एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणारे यजमान रोज संध्याकाळी वर्तमानपत्राच्या निमित्तानं वाचनालयात जायला लागले. मी वाचत बसले की स्वतःच्या हातानं चहा करून आणत, आणि पेला ठेवताना पानाचा आकडा बघून घेत. मीही काही कमी नाही. मुद्दाम पान एकोणसाठवर चार दिवस खूण ठेवली. चौथ्या दिवशी त्यांनी मला डोळे तपासून घ्यायला सुचवलं.

खरं तर पुढे जावंसंच वाटत नव्हतं. त्या साठ पानांतली बायको काही केल्या माझ्या गळी उतरेना. ती पहाटे उठून सडा घालते, नवऱ्याला 'स्वारी' म्हणते, मासळीवाली सांगेल तो भाव देते, आणि नवरा चुकला तरी पदर तोंडाला लावून उभी राहते. एवढ्या पानांत तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. लग्न माझं, मामा माझा, मग ही बया कोण? मी मनाशी म्हटलं, यांना बायको अशी हवी होती तर.

आणि साठाव्या पानावर ती मेली. ताप आला नि मेली, तीन ओळींत. पावसाला तीन पानं दिली होती. त्या दिवशी मी यजमानांना गार पेज वाढली आणि लोणच्याची बरणी लांब ठेवली. कारण न विचारता ते पेज पिऊन उठले.

पण सवय वाईट. हाती घेतलेलं पुस्तक मी अर्धवट टाकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी एकसष्टावं पान उघडलं.

एकसष्टाव्या पानावर सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत दारात येतो आणि त्या नवऱ्याच्या हातात नेहमीसारखे चार उंडे ठेवतो. दोन त्याचे, दोन तिचे. उद्यापासून दोनच दे, हे वाक्य त्याला पोदेराला सांगायचं असतं. रोज रात्री तो ते मनाशी घोकतो आणि सकाळी चार उंडे घेऊन आत येतो. पोदेराला गावातून सगळं कळलेलं असतं, तरी तोही चारच देत राहतो. उरलेले उंडे शिंक्याच्या टोपलीत वाळत जातात. हे असं अकरा पानं चालतं. कुणी रडत नाही, चंद्र उगवत नाही. मग तिरफळांची बाटली शोधताना त्याला कळतं की घरात कुठे काय असतं, हे त्याला तीस वर्षांत कधी विचारावंच लागलं नव्हतं. तो स्वयंपाकघरात खाली बसतो आणि डब्यांची झाकणं एकेक करून उघडून परत लावतो.

मी रडले. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही. स्वतःच्या मरणावर रडायची वेळ फार थोड्या बायकांवर येत असेल, माझ्यावर आली. पुढची शंभर पानं मी एका बैठकीत वाचली. ज्याच्या घरातलं सगळं मला माहीत होतं, त्या माणसाच्या पोटात हे एवढं होतं आणि तो समोर बसून काटे काढत होता.

तरीही शेरा लिहायचा होताच. तीन दिवस मी पुस्तक पिशवीत घालून वाचनालयापर्यंत जायचे आणि भाजी घेऊन परत यायचे. पहिली साठ पानं वाईट होती, ते लपवलं असतं तर शंभर पानांच्या कौतुकावर यांनी विश्वास ठेवला नसता. चौथ्या दिवशी मी शेरेवही पुढे ओढली आणि लिहिलं:

'पहिली साठ पानं वाचू नयेत. त्यातली बायको खोटी आहे. उलट उत्तर न देणारी बाई डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांत मी पाहिलेली नाही. ती मेल्यावर पुस्तकात जीव येतो. उंड्यांची पानं दोनदा वाचावीत. इतकं खरं मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. लेखकानं लिहिणं थांबवू नये. कमलाक्षी.'

कृष्णनाथांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तुम्ही कुणाला लिहिणं थांबवू नये असं पहिल्यांदाच सांगताय, म्हणाले.

त्या संध्याकाळी यजमान वर्तमानपत्र वाचायला गेले ते नेहमीपेक्षा लवकर परत आले. पाय धुतले, पाटावर बसले. मी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण वाढलं. दोन घास खाऊन त्यांचा हात थांबला.

"बायल खोटी कित्याक दिसली तुका?" त्यांनी विचारलं.

मला विचारायला हवं होतं, कुठली बायल, कुठलं पुस्तक. इतके दिवस चाललेला खेळ आणखी थोडा ताणता आला असता. पण त्यांच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, मला तो ताणवेना.

"उलटून उलयना म्हणून," मी म्हटलं. "तुमका तशी जाय आशिल्ली?"

तशी नको होती, अशा अर्थी त्यांनी मान हलवली. मग ताटाकडे बघत, तीस वर्षांत कधी बोलले नसतील तेवढं एका दमात बोलले.

"पयली उलयताली ती. तुज्यासारकीच. वीस पानां बरयली तशी. बरी जाल्ली. पूण मागीर साठावें पान आयलें आनी तिका मारूक हात जायना. आठ दिवस पेन घेवन बसलों. निमाणें ती पानां फाडली आनी तोंड मिटून रवणारी एक बायल घातली. ती कोण म्हाका खबर नाशिल्ली, म्हणून ती मेली."

हुमणाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. बोलायला खूप होतं. ती वीस पानं फाडायची काय गरज होती, तेही होतं. पण माझ्यासारखी बोलणारी बायको यांना कागदावरही मारवली नाही, एवढंच मनात घोळत राहिलं. समईची वात बारीक झालेली दिसत होती, तीही मी सारली नाही. यजमानांनी ताट बाजूला सारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कमळे," ते म्हणाले, "अशी गप्प रावू नाका. म्हाका भंय दिसता."

मग मी डोळे पुसले, पाट ओढून त्यांच्या समोर बसले आणि पहिल्या पानावरच्या पावसापासून चिरफाडीला सुरुवात केली.