बकासुराच्या गाड्यातला भात

घाबरू नका, मी बकासुर बोलतोय. म्हणजे बकासुराचं नुसतं तोंड. विंझरच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथल्या जत्रेच्या सोंगातला मी मुखवटा.

मला चिमाजी कुंभारानं घडवलं. पालथ्या घागरीवर कागदाचा लगदा थापला, कीड लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून घातली आणि दातांच्या जागी कवड्या बसवल्या. कागद शाळेतले, जुन्या परीक्षांचे. त्यामुळे माझ्या डोक्यात थोडंफार गणित आहे, पण सगळं चुकलेलं. डोळ्यांना भोकं पाडायला चिमाजी विसरला. "आसू दे, तोंडातनं बगंल की!" म्हणाला. तेव्हापासून जो मला घालतो, तो माझ्या जबड्यातून जग बघतो.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. गाव माझ्यासाठी गाडाभर भात धाडतं, भीम तो वाटेतच फस्त करतो आणि वर मलाच मारतो. आता तुम्हीच सांगा, सोंगात त्या गाड्यातलं एक शीतही कधी माझ्या तोंडाला लागलं नाही. जेवतो तो, आणि खादाड म्हणून बदनाम मी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फक्त संन्याशाच्या जागी राक्षस आहे, म्हणून कुणी हळहळत नाही.

आमच्या वाडीत भीमाचं सोंग हा आनंदराव पाटलांच्या घराण्याचा मान. बकासुराला कसला आलाय मान? ज्याचा आवाज मोठा, तो बकासुर. माझ्या वाट्याला सोनबा आला. अंगानं काडी, पण ओरडला की तोरण्यावर ऐकू जाईल. गाड्यासाठी घरटी मूठभर तांदूळ गोळा व्हायचे. भीमानं तो भात खरोखर जेवायचा, उरलेला त्याच्या घरी जायचा. जेवण झालं की त्यानं ढेकर द्यायचा आणि ढेकर ऐकला की बकासुरानं पडद्याआडून यायचं, अशी पाटलांच्या आज्यापासूनची रीत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा चैत्र आला. लोक रेशनवरची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, खात होते. सोनबाची बायको सगुणाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तरी गाड्याची मूठ कुणी चुकवली नाही. सगुणाबाईनं तर बियाण्याच्या मडक्यात हात घातला. माणसांची जात मोठी गमतीची. राक्षसाला द्यायला तांदूळ निघतो, लेकरांना द्यायला निघत नाही.

दिवस कलताना सोंग सुरू झालं. गाड्यावर भात वाफाळत होता. पडद्याआड सोनबाच्या पोटात कावळे ओरडत होते, ते मला स्पष्ट ऐकू येत होते. आनंदराव मात्र घरून चांगले चापून आले होते. चार घास घेतले नाहीत तोच त्यांना ढेकर आला.

ढेकर ऐकला आणि सोनबा तडक बाहेर आला. पाहतो तर गाडा भरलेला! अशी वेळ बकासुरावर आजवर आलीच नव्हती.

आनंदराव दबक्या आवाजात म्हणाले, "सोनबा, मागं हो. आजून जेवान चाललंय."

"पाटील, ढेकर दिला न्हवं तुमी?"

"आरं, त्यो आपसूक आला!"

"आपसूक का हुईना. रीत ती रीत."

लोक खदखदून हसले. मला वाटलं, आता सोनबा खाणार, अखेर माझं तोंड कामी येणार! पण तो माझ्या जबड्यातून पुढच्या रांगेकडे बघत राहिला. तिथं सगुणाबाई पोरांना घेऊन बसली होती. पोरं भीमाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती भाताकडे बघत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदाच माझ्या एवढ्या मोठ्या तोंडाची लाज वाटली.

"ह्यो गाडा बकासुराचा!" सोनबा गरजला. "गावानंच मला धाडलाय. म्या न्हाई खात. उटा, समदी जेवा!"

कुणी हललं नाही. राक्षसाच्या अन्नाला शिवायचं कसं? शेवटी म्हातारी भामाबाई पदर खोचून उठली. "राक्षसाचं आसंल, पर शिजवलंय आमीच," म्हणाली आणि तिनं पहिली पत्रावळ भरली. मग गाड्याचा तळ दिसायला वेळ लागला नाही.

वध मात्र चुकला नाही. बकासुर मेल्याशिवाय जत्रा पुरी कशी होणार? सोनबा आपणहून आडवा झाला. आनंदरावांची गदा त्या दिवशी जरा खरीच बसली. माझा डावा कान तिथंच गेला.

पुढल्या वर्षी जत्रेत फलक लागला, 'भीमाच्या हस्ते अन्नदान'. आनंदराव फेटा बांधून वाढत होते आणि असा दाता पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत होते. सोनबाला सोंगाला बोलावलं नाही. मला देवळाच्या आढ्याला टांगलं, तो मी अजून तिथंच आहे. धूळ खातो. खादाड म्हणतात ते आता खरं झालंय.

आढ्यावरून मला ती अन्नदानाची पंगत दिसत होती. सोनबा आणि सगुणाबाई शेजारी बसले होते. ती धुसफुसत म्हणाली, "आवं, चालू केलं तुमी, आन् नाव त्येंचं?"

सोनबा भात कालवत म्हणाला, "नाव कुनाचं बी आसू दे. तू पोटभर जेव."

त्याला नाव नकोय. तो भला माणूस आहे. मला मात्र हवंय, म्हणून तर तुम्हाला थांबवून एवढं सगळं सांगितलं. जाता जाता एकदाच मोठ्यानं म्हणा, त्या वर्षी वाडीला बकासुरानं जेवू घातलं. हाव सुटलीय म्हणाल, तर सुटू दे. मी राक्षसच आहे.