परसातले तीन तुकडे

हेडबाईंच्या शाळेचं अंगण सिमेंटचं होतं. पावसाची एक सर आली की पाणी थेट बालवर्गाच्या उंबऱ्याला लागायचं आणि ओसरल्यावर मागे शेवाळ उरायचं. पाणी जमिनीत मुरेल असं काहीतरी घाला, पण खर्च बेताचा ठेवा, असं कमिटीने सांगून टाकलं आणि हात झटकले.

म्हणून हेडबाईंनी घरच्या परसात गवंड्याकडून नमुन्याचे तीन तुकडे करून घेतले: एक नुसत्या खडीचा, एक जाळीच्या ब्लॉकमध्ये गवत लावलेला, आणि एक साध्या ब्लॉकचा, मध्ये फटी ठेवून त्यात बारीक खडी भरलेली. रविवारी सकाळी पदर खोचून त्या एकेका तुकड्यावर बादली ओतू लागल्या.

खिडकीशी सासूबाई बसल्या होत्या. न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांनी जी खुर्ची धरली, ती सोडलीच नव्हती. हाड कधीच जुळलं होतं. डॉक्टर चाला म्हणत होते, मुलगा विनवण्या करून थकला होता, वॉकर कोपऱ्यात धूळ खात होता. तोंड मात्र पूर्वीसारखंच चालत होतं.

"पाणी तिन्हींत जिरतंय की," त्या खिडकीतून म्हणाल्या. "मग घोडं कुठे अडलंय?"

"खडी सगळ्यांत स्वस्त आहे, आई. तीच घालावी म्हणते."

"आणि ती कुबड्यांवर येणारी तुझी चौथीतली पोर? ती कशी चालणार त्यावरून?"

हेडबाईंच्या हातातली बादली तशीच राहिली. उतार, निचरा, दर, सगळा विचार झाला होता. ती पोर तेवढी डोक्यातून निसटली होती. त्यांना स्वतःचाच राग आला.

"थांब, मी बघते," सासूबाई म्हणाल्या. "तो वॉकर आण इकडे."

हेडबाईंनी वॉकर पुसून आणला. आता एक शब्द जास्त बोललं तर म्हातारी पुन्हा खुर्ची धरेल, हे त्या ओळखून होत्या. मागच्या दाराची पायरी उतरताना सासूबाईंचे ओठ घट्ट मिटले होते आणि हेडबाई हात पुढे करून शेजारी होत्या.

खडीत वॉकरचे पाय रुतले. "ही नको." जाळीत एक पाय अडकला, सासूबाई डगमगल्या, हेडबाईंनी कमरेला विळखा घातला. "हीसुद्धा नको. आणि सोड आता, गुदगुल्या होतात." ब्लॉकवरून मात्र त्या या टोकाहून त्या टोकाला गेल्या आणि वळून परत आल्या.

"हे घाल."

"सगळ्या अंगणाला नाही परवडणार, आई."

"सगळ्याला कोण सांगतंय? फाटकापासून वर्गांपर्यंत वाट कर, नळापर्यंत एक फाटा काढ. बाकी घाल तुझी खडी."

"पोरं खडी फेकतील."

"तुझा नवरा वरणातली डाळ फेकायचा. म्हणून वरण बंद केलं का मी?"

हेडबाईंना इतकं हसू आलं की त्या उलट्या बादलीवरच बसल्या. नवरा आवाज ऐकून बाहेर आला, आईला उन्हात उभी बघून दारातच थबकला आणि म्हणाला, "चहा टाकू?"

उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत शाळेचं अंगण झालं. शाळा उघडली त्या दिवशी सासूबाई रिक्षातून हजर झाल्या. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. वाट ओलसर होती, पण पाणी कुठेही साचलेलं नव्हतं. कुबड्यांवरची पोर मैत्रिणीशी भांडत भांडत त्या वाटेवरून निघून गेली. पायाखाली काय आहे याकडे तिचं लक्षही नव्हतं.

सासूबाई नळापर्यंत चालत गेल्या आणि कडेच्या बाकावर टेकल्या.

"दमलात? घरी सोडू?" हेडबाईंनी विचारलं.

"तू जा वर्गावर. मी मधली सुट्टी बघून जाईन," त्या म्हणाल्या आणि वॉकर बाजूला सरकवून ऐसपैस बसल्या.