हरभऱ्याएवढी गाठ

दुकान बंद करून हे घरी बसले, तेव्हापासून आमच्या घरातलं काही धड राहिलं नाही. उभा जन्म खुर्च्या आणि सोफे शिवण्यात गेला, त्यामुळे ह्यांचे हात गप्प बसेनात. चांगल्या उशा उसवून पुन्हा शिवल्या. स्वयंपाकघरातल्या माझ्या स्टुलाला मऊ गादी बसवली. आता त्यावर उभं राहिलं की पाय आत बुडतो आणि फळीवरचा डबा हाताला लागत नाही. म्हणून आमच्या व्याह्यांनी, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांनी, ह्यांना तळ्यावर कार्प धरायला नेलं, तेव्हा मला केवढं हायसं वाटलं.

कार्प हा मिशावाला, जाडजूड मासा. आमच्या तळ्यावर तो धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडायचा. तिथला राखणदार वयाने लहान, पण कडक. दोर तुटून मासा गळ तोंडात घेऊन पळाला, की राखणदाराचा जीव तुटतो. त्याचा नियम असा, की एका मोसमात ज्याचा दोर तिसऱ्यांदा तुटेल, त्याचा पास वर्षभर बंद. ह्यांचा दोनदा तुटला होता आणि दोन्ही वेळा गाठीतच.

मासे धरायच्या काठीला रीळ असतं, त्यावर बारीक दोर गुंडाळलेला असतो. तळ्याच्या तळाला विळ्यासारखे धारदार खडक आहेत, म्हणून बारीक दोराच्या पुढे एक जाड तुकडा जोडतात. त्याला सगळे लीडर म्हणतात. लीडरच्या टोकाला शिसं आणि गळ. बारीक आणि जाड जिथे जोडले जातात, तिथे सगळा भार.

राखणदाराने समजावलं होतं, "काका, आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. मग हळूहळू ओढा. कोरडी ओढली की दोर घासून भाजतो."

हे त्याच्यासमोर मान डोलावून आले आणि घरी माझ्यावर उखडले. "मला गाठ शिकवतोय. माझ्या गाठींवर बसून माणसं म्हातारी झाली."

"पण मासा बसत नाही ना हो, तो पळतो," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी ह्यांनी दुकानातली जुनी पेटी उघडली. गाठ मारली, कोरडीच, आणि सवयीप्रमाणे हिसका देऊन आवळली. वरून मेण लावलेला सोफ्याचा दोरा गुंडाळला. त्यावर डिंक, परत दोरा, परत डिंक. लीडरही लांबच लांब घेतला, आमच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पुरेल एवढा. सकाळी गाठ वाळून हरभऱ्याएवढी झाली होती. तिला पाण्याने भरलेली बादली टांगली, तरी ती हलली नाही.

"आता बोल," हे म्हणाले.

पास गेला तर वर्षभर हे घरात आणि माझी कपाटं उघडी. मीही त्यांच्याबरोबर तळ्यावर गेले.

काठीवर ओळीने कड्या असतात, त्यांतून दोर बाहेर जातो. ह्यांनी बारीक दोर कड्यांतून आधीच ओवून, मग बाहेर गाठ मारली होती. एवढ्या लांब लीडरने गळ फेकता येईना, म्हणून व्याही होडीतून गेले आणि आमिष खडकापाशी सोडून आले. त्यामुळे ती गाठ कडीतून जाते की नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

दुपारी रीळ कर्रर्र करून फिरलं. काठी वाकली. मासा मोठा होता. ह्यांनी त्याला दमवलं, जवळ आणलं, खडकावरून सुखरूप ओढून काढलं. माझ्या मनात आलं, चला, सुटलो. तेवढ्यात गाठ काठीच्या टोकाच्या कडीपाशी आली आणि टक्क करून अडकली.

रीळ फिरेना. मासा अजून एका घराच्या लांबीवर पाणी उडवत होता.

"अडकली," हे म्हणाले. चेहरा पांढरा.

"जोर लावा की," व्याही म्हणाले.

"कडी मोडेल."

"मग कापा."

"कापला म्हणजे दोर तिसऱ्यांदा तुटला," हे म्हणाले. मागे झोपडीच्या दारात राखणदार डबा खात उभा होता. त्याने घास हातातच धरला.

मी चपला काढल्या, मोठं जाळं उचललं. "अहो, तुम्ही मागे चाला. तुम्ही मागे गेलात की मासा पुढे येईल. मी पाण्यात जाते."

"मागे दिसत नाही मला."

"मी कशाला आहे?" व्याही म्हणाले. ते बसचे कंडक्टर होते, निवृत्त झाले तरी हात शिट्टी शोधतो. गुडघ्यामुळे पाण्यात उतरता येत नव्हतं, पण वाटेवर उभं राहून त्यांनी अख्खी गाडी मागे घ्यावी तसं सुरू केलं. "येऊ द्या मागे. येऊ द्या. चढ आहे, सावकाश. डावीकडे बाक आहे, उजवीकडे काट मारा. येऊ द्या."

हे एकेक पाऊल मागे गेले. काठी पोटाशी, डोळे माशावर. मी कमरेपर्यंत पाण्यात. मासा येत होता, पण जाळ्यापासून अजून लांब.

"वाट संपली. आता झोपडी," व्याही म्हणाले.

राखणदार दारातून बाजूला झाला. टेबल भिंतीला सरकवलं, डबा डोक्याच्या वर धरला. "या काका, आत या. उंबरा आहे, पाय उचला."

हे पाठमोरे आत गेले. मला तेवढी काठीच दारातून बाहेर आलेली दिसत होती.

"विहीणबाई, किती राहिलं?" व्याह्यांनी मला विचारलं.

"हातभर!"

"व्याही, अजून हातभर," त्यांनी ह्यांना आत ओरडून सांगितलं.

"मागे भिंत आहे," आतून आवाज आला.

"मग पोट आत घ्या."

घेतलं असावं, कारण मासा पुढे सरकला. मी जाळं त्याच्याखाली घातलं आणि उचलता उचलता पाण्यात बसलेच. पण जाळं सोडलं नाही.

राखणदार धावत आला. ओल्या चटईवर ठेवून त्याने माशाच्या ओठातला गळ काढला. काळसर सोनेरी पाठ, ह्यांच्यासारख्याच मिशा. हे धापा टाकत आले, गुडघ्यावर बसले आणि स्वतःच्या हातांनी त्याला पाण्यात सोडलं. शेपटी हलवून तो गेला.

मग हे राखणदाराकडे बघत होते.

"दोर तुटला नाही," राखणदार म्हणाला. "पण ही गाठ घेऊन पुन्हा बसू देणार नाही. माझ्यासमोर नवी मारा, मग पास."

झोपडीतल्या टेबलापाशी हे बसले. लीडर काठीएवढाही ठेवला नाही. दोन्ही दोर शेजारी धरून वेढे घातले, गाठ तोंडाशी नेली आणि थांबले. घशाला कोरड पडली होती, थुंकीच येईना. व्याह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. ह्यांनी घोट घेतला, गाठ ओली केली. हात हिसका द्यायला वळला तसा मी खोकले. मग ह्यांनी हळूहळू ओढलं, इतकं हळू, की गाठ मिटताना दिसली. टोकं कापली. राखणदाराने ती नखाने चाचपली, कडीतून आत नेली, बाहेर आणली. आवाजसुद्धा झाला नाही.

त्याने पास ह्यांच्या खिशात घातला आणि उरलेला डबा माझ्यापुढे सरकवला.

"काकू, तुम्ही खा. काकांना काही एवढ्यात घरी जायचं नाही."

हे दारातून केव्हाच बाहेर पडले होते, या वेळी तोंड पुढे करून.