दोन वॉर्डांवर पसरलेली ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. कधीकाळी माझा रंग निळा होता. आता कडेला निळा, मध्ये राखाडी आणि घडी पडते तिथे पांढरट असं माझं रूप झालं आहे. मला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही आणि खरं सांगायचं तर बहुतेक गोष्टींचं मला फारसं काही वाटतही नाही. तरी माझ्यापाशी सांगण्यासारखं थोडं आहे. ते तुम्ही ऐकून घ्या.

माझा जन्म वसईपुढच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून पट्ट्या काढल्या, पट्ट्या विणून कापड झालं, त्यावर आणखी एक थर चढवला आणि शेवटी कडेने दोरी ओवायच्या रिंगा ठोकल्या. मग मी बरेच दिवस एका दुकानात माझ्या बहिणींखाली दबून पडले होते. तिथून दशरथ नावाच्या नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, मला उचललं. वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत घालून त्याने मला खाडीपलीकडे आपल्या कोळीवाड्यात आणलं. घरी पोचल्यावर त्याच्या बायकोने, पार्वतीने, मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाली, "माल झकास हाय."

माझं इतकं साधं आणि इतकं मनापासून कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

पहिली काही वर्षं मी होडीवर काढली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा मी दशरथच्या होडीवर पडून असायची. बाकीच्या महिन्यांत माझं काम सुकवणीच्या जागेवर होतं. वाड्याच्या पश्चिमेला एक मोकळी जमीन आहे. तिथे बांबूंवर बोंबील टांगतात आणि खाली जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरतात. संध्याकाळी दव पडायच्या आत जवळा झाकायचा असतो. ते काम माझं. माझ्या अंगाला तेव्हा जो वास लागला तो अजून गेलेला नाही. इमारतींतल्या लोकांना तो आवडत नाही, असं ऐकते.

याच जमिनीवर एक दिवस मोजणीवाले आले. तिथून रस्ता काढायचा आणि उरलेल्या जागेत गाड्या उभ्या करायच्या, असा बेत होता. नकाशात ती जमीन रिकामी दाखवली होती. पार्वती डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवून त्यांच्याशी भांडली. मोजणीवाल्यांपैकी एकजण शांतपणे म्हणाला, "मावशी, आम्हाला काय सांगता? तुमच्या नगरसेवकाला सांगा."

नगरसेवकाला सांगणं सोपं नव्हतं. आमच्या कोळीवाड्याच्या मधून एक गल्ली जाते आणि त्या गल्लीतूनच वॉर्डाची रेषा गेली आहे. डावीकडची घरं एका वॉर्डात आणि उजवीकडची दुसऱ्या. दोन्ही वॉर्डांत मोठमोठे टॉवर आहेत, वसाहती आहेत, आणि प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात अर्धा कोळीवाडा. अर्ध्या कोळीवाड्याच्या मतांवाचून कोणाचंच काही अडत नव्हतं. पार्वती दोन्ही नगरसेवकांकडे जाऊन आली. हा म्हणायचा त्याच्याकडे जा, तो म्हणायचा ह्याच्याकडे जा. पुढे मुदत संपली आणि नगरसेवकच उरले नाहीत. काही वर्षं निवडणूकच झाली नाही. मग तर जायचं कोणाकडे हाही प्रश्न राहिला नाही.

तेव्हा पार्वतीने समिती काढली. तिच्यात मासळी विकणाऱ्या बायका जास्त होत्या. होड्यांवरची काही माणसं होती आणि हिशेब-अर्ज सांभाळायला नमिता होती. नमिता म्हणजे पार्वतीची पुतणी, अंधेरीत एका वकिलाच्या ऑफिसात काम करणारी. समितीची मागणी एकच होती. वॉर्डांची पुढची आखणी होईल तेव्हा सगळा कोळीवाडा एकाच वॉर्डात घ्या. मग आपलं माणूस उभं करता येईल, ते निवडून येईल आणि सुकवणीची जमीन वाचेल.

सभा गल्लीतच व्हायच्या. माझी दोन टोकं डावीकडच्या खिडक्यांना बांधायचे आणि दोन उजवीकडच्या. "अर्धी ह्या वॉर्डात, अर्धी त्या वॉर्डात, मध्ये ताडपत्री," असं पार्वती म्हणायची आणि बायका हसायच्या. मला तेव्हा बरं वाटायचं, असं आता वाटतं.

एक माणूस मात्र सभेला कधी आला नाही. त्याचं नाव अनंता. गल्लीच्या पलीकडे, उजव्या बाजूला, माझ्या एका टोकापाशीच त्याचं घर होतं. तो ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसायचा आणि तिथूनच ओरडायचा, "नगरसेवक काय माजं जालं विननार हाय का गो?" त्याची बायको चांगुणाबाय त्याला गप्प करायची. पार्वती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

शेवटी एका पावसाळ्यात नव्या आखणीचा मसुदा लागला. रेषा जागच्या जागी होती. नमिताने हरकत लिहिली, घरोघर जाऊन सह्या घेतल्या आणि ती दाखल केली. सुनावणीची तारीख मिळाली. त्या दिवशी शहरात जाऊन साहेबांसमोर बोलायचं होतं. बस ठरली. मला घडी करून पार्वतीच्या ओट्यावर ठेवलं होतं, कारण बाहेर ताटकळावं लागलं तर बायकांना बसायला काहीतरी हवं. पार्वतीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

बस यायच्या आधी अनंता गेला. जाळं मांडीवर घेऊन बसला होता, तसाच कलंडला.

मित्रांनो, आमच्या वाड्याची एक रीत आहे. वाड्यात मयत झालं की त्या दिवशी होडी सुटत नाही, पाटी उचलली जात नाही आणि कोणी गावाबाहेर जात नाही. मेलेला माणूस कोण, कसा, हे कोणी विचारत नाही. सगळे त्याच्या दारात जातात.

नमिता पार्वतीच्या ओट्यापाशी आली. तिच्या हातात हरकतीची फाईल होती.

"काकी, दहा जणी गेल्या तरी चालेल. बाकीचे थांबू देत ना. आज नाही गेलो तर संपलं सगळं. दुसरी तारीख मिळणार नाही, मी विचारलंय."

"त्याच्या दारात मानसं नकोत?" पार्वती म्हणाली.

"तो एकदा तरी आला का आपल्या सभेला? उलट टिंगल केली त्याने."

"आपन आज गेलो तर उद्या आपला कोलीवाडा एक हाय असं कनच्या तोंडानं सांगायचं गो?"

"मग मी एकटी जाते."

पार्वती पदर खोचून अनंताच्या दाराकडे निघाली. मग नमिताने फाईल घरात नेऊन ठेवली आणि चांगुणाबायकडे पाणी भरायला गेली. वाड्यात वाढलेली पोर ती, तिलाही जाववलं नाही. बस रिकामी परत गेली.

पाऊस लागला होता, म्हणून मला उलगडून अनंताच्या दारावर बांधलं. माझ्याखाली सगळा वाडा उभा होता, गल्लीच्या दोन्ही बाजूंचा. सभेला कधी इतकी माणसं आली नव्हती. माझ्यावरून पाणी खाली जात होतं आणि मला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

सुनावणीच्या कागदावर हरकत घेणारे गैरहजर असा शेरा पडला. रेषा गल्लीतच राहिली.

तरी निवडणूक लागल्यावर पार्वती उभी राहिली. डावीकडच्या वॉर्डातून, अपक्ष म्हणून, नारळाच्या चिन्हावर. बायका मासळी विकता विकता तिचा प्रचार करायच्या. मतदानाच्या दिवशी मला नाक्याजवळ बांधलं होतं. माझ्याखाली टेबल टाकून नमिता लोकांना यादीतली नावं शोधून देत होती. दुपारी चांगुणाबाय मत देऊन आली. अनंता गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. ती पार्वतीसमोर बसली आणि तिने बोटावरची शाई दाखवली.

"पार्वते, तुजा नारल नाय दिसला तिथं."

"तुजं घर पलीकडं. तुज्या मशीनवर माजं नाव नसतं."

"मी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं."

"मंग कोनाला दिलंस?"

"बटन दाबलं. कोनाचं ते मना ठावूक नाय."

नमिताने यादीत डोकं खुपसलं. पार्वतीने चांगुणाबायला चहा दिला.

पार्वती पडली. फार मतांनी नाही. गल्लीपलीकडच्या घरांतली निम्मी मतं जरी तिच्या वॉर्डात असती तरी ती निवडून आली असती. हे नमिताने एकदा हिशेब करून सांगितलं. पार्वतीने पुन्हा सांगू नको म्हटलं, म्हणून मग कोणीच बोललं नाही. निवडून आलेले साहेब एकदा सुकवणीच्या जागेवर येऊन गेले. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. बघू, म्हणाले. आता तिथे बांबूंच्या मधून मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि बायका त्यांना वळसा घालून बोंबील टांगतात.

मी आता बऱ्याच ठिकाणी फाटले आहे. दोन रिंगा निघाल्या आहेत. होडीवर नवी ताडपत्री आली आहे. मला फक्त सभेला काढतात आणि हल्ली सभेला माणसंही थोडीच येतात.

परवाच्या सभेत पार्वती सांगत होती की पुढच्या आखणीच्या वेळी पुन्हा हरकत घ्यायची. कोणी मान डोलावत नव्हतं आणि कोणी नाहीही म्हणत नव्हतं. तेवढ्यात मागे बसलेली चांगुणाबाय उठली. ती सभेला आलेली आम्ही कोणी आधी पाहिली नव्हती. तिला सभेत बोलायची सवय नाही. ती पार्वतीकडे न बघता बोलली.

"माजा नवरा गेला त्या दिशी तुमी समदी थांबलाव. म्हनून ही रेघ ऱ्हायली, मना ठावूक हाय. कोनी तोंडावर बोललं नाय, पन मना ठावूक हाय."

"तसं नाय गो," पार्वती म्हणाली.

"ऐक. मी आता म्हातारी झालंय. माज्या टायमाला सुनावनी असली तर माज्यासाठी थांबू नका. मना बर्फात ठेवा नि समदी जाऊन या. मंग उचला."

कोणी हसलं नाही. बर्फात काय ठेवतात ते आमच्या वाड्यात सगळ्यांना माहीत आहे. पार्वतीने पदर तोंडाला लावला. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, पडली त्या दिवशीसुद्धा नाही. मग ती नमिताला म्हणाली, "लिव. चांगुनाबायनं सांगितलं ते सभेच्या वहीत तसंच्या तसं लिव."

मित्रांनो, तुमच्या घरावरून कोणती रेषा जाते ते एकदा मोठ्या माणसांना विचारा. ती आखली जाते त्या दिवशी तुमच्यातलं कोणीतरी तिथे हजर असू द्या. शेजाऱ्याच्या दारात जाणं तर सोडूच नका. दोन्ही एकाच दिवशी आलं तर काय करावं, हे मला आजही सांगता येत नाही. फक्त एखाद्या म्हातारीला आपल्या मयताची सोय भर सभेत अशी सांगावी लागू नये, एवढं बघा.